नजर आणि टीबीची गोळी

संगमनेरच्या बाजारात लालभडक टोमॅटो मळकट दिसू लागला आणि टीबीचे औषध चालू असेल, तर आधी संशय घ्यावा तो इथॅम्ब्युटॉलचा. ही गोळी शरीरातले तांबे, जस्त बांधून ठेवते, असे मानतात. त्यांच्यावाचून पेशींतली ऊर्जानिर्मिती मंदावते. मधली नजर आणि रंग मेंदूकडे पोहोचवणाऱ्या बारीक तंतूंना ऊर्जा सतत लागते. पहिला फटका त्यांनाच. डोळा बाहेरून मात्र स्वच्छ! वेळीच कळले तर नजर बहुधा सुधारते. गोळी मनाने सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

दुष्परिणाम म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. पण पैसे घेऊन उपचार करताना धोका सांगितलाच नसेल, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. सर्वांना मोफत मिळणाऱ्या सरकारी उपचारांसाठी ही वाट सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने बंद आहे. मला हे खटकते, कारण टीबीची औषधे सरकार मोफतच देते. दुष्परिणामाची नोंद मात्र १८००-१८०-३०२४ वर कोणालाही करता येते.