नुकसानभरपाई कोणाच्या खात्यात जाते? बाग कराराने घेण्याआधी हे वाचा

गेल्या आठवड्यात दुकानात एक मुलगा आला. पावसच्या बाजूला दोनशे कलमांची हापूसची बाग तीन वर्षांच्या कराराने घेतोय. खर्चाचा कागद मस्त केला होता: खत, फवारणी, राखणदार, पेट्या, टेम्पो. मी विचारलं, वादळ आलं तर? म्हणाला, "दादा, शासन देतंच की हेक्टरी पन्नास हजार."

आकडा खोटा नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या केल्या. तेव्हा केंद्राच्या निकषाने फळबागेला हेक्टरी 18 हजार मिळायचे. राज्याने ते 50 हजार केले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. मे 2021 च्या तौक्तेलाही तोच दर. पण ते निर्णय त्या त्या वादळापुरते होते. 2022 नंतर केंद्राचा निकष हेक्टरी 22,500 आहे आणि नुकसान किमान 33 टक्के लागतं. राज्य कधी त्यात भर घालतं, कधी नाही.

आता हिशोब करा. दहा बाय दहा मीटरवर कलमं असतील तर हेक्टरी शंभर बसतात. म्हणजे 22,500 च्या दराने कलमामागे 225 रुपये. तुमचा यंदाचा आंबा गळला की तीस वर्षांचं झाड मुळासकट गेलं, दर तोच, कारण मोजतात ते क्षेत्र. आपल्या छोट्या वाड्यांना हे जमत नाही. दहा गुंठ्याला 50 हजारच्या दरानेही फक्त पाच हजार होतात. म्हणून निसर्गच्या वेळी नारळाला झाडामागे 250 आणि सुपारीला 50 रुपये असा वेगळा दर द्यावा लागला. नवीन माड धरायला सहा-सात वर्षं जातात, ते वेगळंच.

पण खरी अडचण पुढे आहे. तलाठी, कृषी सहाय्यक, ग्रामसेवक येऊन पंचनामा करतात आणि पैसे जातात ते सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात. फवारणी कोणी केली, कर्ज कोणी काढलं, हे तिथे कोणी विचारत नाही.

मी हे फी भरून शिकलोय. 2021 ला एका कराराने बाग घेणाऱ्याला पेट्या उधार दिल्या होत्या. तौक्ते झालं, तो म्हणाला, भरपाई आली की देतो. भरपाई आली, पण मालकाला! मालक म्हणाला, जमीन माझी. कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तोही चूक नव्हता. माझी उधारी दोन सीझन हप्त्याहप्त्याने फिटली.

म्हणून करारात एक ओळ घालाच: शासकीय मदत आली तर पिकाच्या नुकसानीची कोणाची, झाडांची कोणाची. सामायिक सातबारा असेल तर बाकीच्या हिस्सेदारांची संमतीपत्रं आत्ताच घ्या, वादळानंतर मुंबईला फोन लावत बसू नका. फळपीक विमा हा वेगळा विषय आहे, तो हवामान केंद्राच्या नोंदीवर चालतो. त्यावर पुढच्या वेळी बोलू. आणि खर्चाच्या कागदावर मदतीच्या रकान्यात शून्य लिहा. शून्य धरूनही करार परवडत असेल तरच सही करा.

त्या मुलाने परवा सातबारा काढून आणला. अकरा नावं निघाली. त्यातली सहा माणसं मुंबईत, आणि करार करून देणाऱ्या काकांचं नाव नवव्या नंबरवर. सही अजून थांबवली आहे.