गणनविधीचे चित्र : कापरेकरांच्या रीतीचा दाखला

कळवणचा टपाल-क्रमांक ४२३५०१. त्यातील अखेरचे चार अंक घेऊन ते प्रथम उतरत्या क्रमाने मांडावेत, त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी व बाकीवर पुन्हा तीच क्रिया करावी. ३५०१ पासून ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ असे जात सातव्या पायरीस ६१७४ येते आणि पुढे तीच संख्या कायम राहते. याच नाशिक जिल्ह्यात, देवळालीस, शाळेत अध्यापन करणारे द. रा. कापरेकर यांनी ही रीत १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडली.

संगणकाने पडताळा घेतल्यास असे दिसते की, चारही अंक समान नसलेल्या ९,९९० संख्यांपैकी प्रत्येक संख्या फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ला पोचते. परंतु पडताळा म्हणजे आकलन नव्हे. गणनविधींच्या दृश्यीकरणाचा खरा प्रश्न येथेच सुरू होतो. शंभर गुणिले शंभर घरांचा तक्ता करून प्रत्येक घर पायऱ्यांच्या संख्येनुसार रंगविले, तर मनोहर नक्षी उमटते. ती कर्णाभोवती सममित असते, एवढी सूचना मात्र तिच्यात आहे : अंकांची मूळ जागा येथे गौण आहे. कारण मात्र नक्षी सांगत नाही.

उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असल्यास बाकी ९९९(अ−ड) + ९०(ब−क) इतकी येते. म्हणजे चार अंकांपैकी केवळ दोन फरकच कामाचे! अशा जोड्या ५४ होतात. पहिल्या वजाबाकीनंतर सर्व संख्या या ५४ बाक्यांतच सामावतात. त्यांचे ५४ बिंदू काढून बाणांनी जोडले की ६१७४ कडे उतरणारा वृक्ष एका कागदावर मावतो आणि सातापलीकडे पायरी का नाही हे डोळ्यांना दिसते. तक्त्यापेक्षा हे चित्र सरस, कारण त्याने बरेच काही गाळले आहे.

टोरांटो विद्यापीठात रोनाल्ड बेकर यांनी १९८१ मध्ये क्रमवारी लावण्याच्या नऊ रीतींवर चलत्‌चित्रपट केला. तेव्हापासून अशा चित्रांचा अध्यापनात बराच प्रसार झाला. मात्र हुंडहाउझेन, डग्लस व स्टॅस्को यांनी २००२ मध्ये २४ प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा चित्र काय दाखविते यापेक्षा विद्यार्थी त्याचे काय करतो हे अधिक निर्णायक ठरले. म्हणून वृक्ष आयता दाखविण्यापेक्षा ५४ बाण विद्यार्थ्याकडूनच काढवून घेणे इष्ट. दोन अंकी संख्यांपासून आरंभ केल्यास काम थोडके आहे. तेथे मात्र वृक्षाऐवजी ०९, ८१, ६३, २७, ४५ असे कडे हाती येते.