रस्त्याच्या पोटात – भाग ६ : अकरा टनांना फेसाचा टेकू

जामनेर तालुक्यातल्या कपाशीच्या काळ्या रानात मे महिन्यात हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचे दोन दमदार पाऊस झाले की त्या मिटतात. पिकाला मानवणारी ही जमीन रस्त्याला मात्र छळते. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीतले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. जळगावहून पहूर-फर्दापूरमार्गे अजिंठ्याकडे जाणारा सिमेंटचा महामार्ग याच मुलखातून जातो.

डांबरी रस्ता जमिनीच्या कलाने वाकतो. सिमेंटचा स्लॅब ताठ. खालची माती सरकली तरी तो काही काळ अधांतरी तग धरतो. सांध्यातले सील निघाले की पाणी आत शिरते, आणि अवजड ट्रक गेला की ते बारीक माती घेऊन बाहेर उसळते. पोकळी वाढत जाते, स्लॅब एका अंगाने बसतो. पुलालगतच्या भरावावर तर हे हमखास घडते.

असा स्लॅब फोडून नवा ओतायचा, तर काँक्रीटची पूर्ण ताकद धरली जाते २८ दिवसांनी. दुसरा मार्ग उचलण्याचा. अमेरिकेत १९३०च्या दशकापासून माती-सिमेंटचा पातळ गारा पंपाने खाली भरत. गारा जड, म्हणजे आधीच दबलेल्या जमिनीवर आणखी भार. १९७०च्या दशकात फिनलंडमध्ये त्याजागी पॉलियुरेथेनचा फेस आला.

आधी हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते खडूने आखतात. तिथे सुमारे दीड सेंटिमीटरची आरपार छिद्रे पाडतात. आयसोसायनेट आणि पॉलिओल ही दोन रसायने बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात, खाली जाऊन कैकपट फुगतात. कारागीर काही सेकंद दाबतो, थांबतो, डायल गेजचा काटा पाहतो, पुन्हा दाबतो. घाई न करणे हीच खरी कारागिरी, कारण जास्त उचललेला स्लॅब खाली आणता येत नाही. मग वरून घासावा लागतो. मास्क आणि हातमोजे हवेतच, आयसोसायनेट फुप्फुसाला घातक आहे.

साडेचार बाय साडेतीन मीटरचा, ३० सेंटिमीटर जाडीचा स्लॅब भरतो सुमारे ११ टन. एवढा बोजा फेस कसा पेलतो? भार पसरलेला असल्याने दर चौरस सेंटिमीटरला येतात जेमतेम ७२ ग्रॅम. शेजारच्या स्लॅबला जोडणाऱ्या सळ्यांचा अडसर धरला तरी फेसाला हे जड नाही. तासाभरात वाहतूक सुरू होऊ शकते.

पण फेस पोकळी भरतो, काळ्या मातीची खोड मोडत नाही, आणि तुटलेला स्लॅब सांधतही नाही. बाजूचे गटार तुंबलेलेच राहिले, सांध्यात नवे सील भरले नाही, तर उचलण्यावरचा खर्च पाण्यात. शिवाय रस्त्याच्या मधोमध मातीचा ओलावा बराचसा स्थिर असतो, कडेला तो ऋतूगणिक बदलतो. भर उन्हाळ्यात आकसलेल्या मातीवर कडेचा स्लॅब अचूक लेव्हलला आणला, तर श्रावणात फुगलेली माती त्याला आणखी वर ढकलू शकते. म्हणून इथे दोन मोजण्या हव्यात, एक मेअखेर आणि दुसरी पावसाळा सरताना. किती उचलायचे ते त्यानंतर ठरवावे.