चेसिस धडधाकट, इंजिन गेलेलं

पाम बीच रोडवरून जाणाऱ्या माणसाला नवी मुंबईत ट्रॅक्टर शोध म्हटलं तर तो हसेल. पण हे शहर भातखाचरांवरच उभं आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतल्या ९५ गावांची शेतं, मिठागरं, खाजणं नव्या शहराच्या नकाशात आली. शेती मागे हटली, तरी माती उलथणं, जमीन सारखी करणं, गवत कापणं ही कामं कुठे गेली नाहीत. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमची हिरवळ आहे, खारघरचं सिडकोचं गोल्फ मैदान आहे, कॉलेजांची आणि कंपन्यांची आवारं आहेत, शहराबाहेर पडलं की पनवेल-कर्जतकडच्या नर्सऱ्या आणि फार्महाउसं आहेत. या कामांना पन्नास एचपीचा ट्रॅक्टर म्हणजे अडचणच. इथे यंत्र लहान लागतं.

अमेरिकेत याच कामासाठी गार्डन ट्रॅक्टर नावाची एक जातच आहे. घरामागच्या दोन-चार एकरांत गवत कापायचं, बर्फ ढकलायचं, छोटी ट्रॉली ओढायची. आपल्याकडे तशी आयात यंत्रं मोजक्या आवारांत दिसतात. त्यांची जागा खऱ्या अर्थाने घेतली ती पॉवर टिलरने आणि पंधरा-वीस एचपीच्या मिनी ट्रॅक्टरने. बेंगळुरूच्या व्हीएसटीने १९६७ पासून मित्सुबिशीच्या सहकार्याने टिलर आणले. महिंद्राचा युवराज २१५ हा एका सिलिंडरचा, पंधरा एचपीचा. कोकणातल्या खाचरात मोठा ट्रॅक्टर वळेपर्यंत बांध संपतो, म्हणून चिखलणीला टिलरच बरा पडतो. आता शहराच्या कडेच्या नर्सरीत तोच टिलर कुंड्यांची माती मळतो.

या सगळ्या यंत्रांचा शेवट बहुधा एकाच तऱ्हेने होतो. गिअरबॉक्स बंद पेटीत, तेलात बुडालेली असते. तिला मरण लवकर येत नाही. इंजिन मात्र त्याच धुळीत श्वास घेतं जी ते स्वतः उडवतं. एअर फिल्टर साफ करायला कुणालाच वेळ नसतो. मग चेसिस धडधाकट, चाकं ठीक, गिअर पडतात, आणि इंजिन लोड घेत नाही.

‘इंजिन गेलं’ हे वाक्य आपल्याकडे फार सैल वापरलं जातं. धूर काळा असेल तर बिघाड बहुतेक वेळा नोझलमध्ये, पंपाच्या सेटिंगमध्ये किंवा तुंबलेल्या फिल्टरमध्ये असतो. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा कुठून तरी पाणी शिरतंय. निळा धूर मात्र तेलाचा, आणि त्याच्या जोडीला ब्रीदरमधून भकाभका वाफ येत असेल, हँडल मारताना हाताला कॉम्प्रेशन लागतच नसेल, तर रिंगा आणि लायनर गेले. एवढं झालं तरी मराठी मिस्त्रीच्या दृष्टीने इंजिन मेलेलं नसतं. त्याचं ‘काम काढायचं’ असतं, इतकंच.

इथे आपली आणि अमेरिकेची वाट वेगळी होते, आणि कारण स्वभावात नसून लोखंडात आहे. आपल्या डिझेल इंजिनांची घडण बिडाची आहे आणि सिलिंडरच्या आत लायनर म्हणून वेगळी बाही बसवलेली असते. ती झिजली की उपसून काढायची, नवी दाबायची, पिस्टन-रिंगा नव्या टाकायच्या, क्रँक ग्राइंडिंग करून एक साइज पुढच्या बेअरिंगा घालायच्या. इंजिन पुन्हा फुल. गवत कापायच्या हलक्या पेट्रोल इंजिनांत ही सोय बहुधा नसते. अॅल्युमिनियमचा ब्लॉक एकदा चिरला की कारागिराची मजुरी नव्या इंजिनाच्या किमतीला भिडते, म्हणून तिकडे सरळ इंजिन उतरवतात आणि दुसरं चढवतात. जुन्या गार्डन ट्रॅक्टरवर नवं इंजिन बसवणं हा तिकडे रविवारचा छंदच आहे.

तिकडच्या या यंत्रांचा एक धागा कांदिवलीत येतो. कब कॅडेट हा गाजलेला गार्डन ट्रॅक्टर १९६१ मध्ये काढला इंटरनॅशनल हार्वेस्टरने, आणि त्यावर इंजिन होतं कोहलरचं. दोन वर्षांनी, १९६३ साली, याच इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून महिंद्राने ट्रॅक्टरच्या धंद्यात पाऊल टाकलं आणि कांदिवलीच्या कारखान्यातून बी-२७५ ट्रॅक्टर निघाला. एकाच कंपनीच्या दोन भावंडांपैकी एक बंगल्यामागच्या हिरवळीत गेलं, दुसरं उसाच्या शेतात.

आपला एका सिलिंडरचा वारसा मात्र त्याहून जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली. साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांचा कारखाना नांगरांवरून डिझेल इंजिनांकडे वळला. देशात सर्वांत आधी डिझेल इंजिनं करणाऱ्यांत त्याचं नाव घेतात. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. इंजिनवाला माणूस सरकार चालवतो हे आज कुणाला पटणार नाही. पुढे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्याजवळ खडकीत सुरू झाली आणि विहिरीवरच्या मोटेची जागा ‘ऑइल इंजिन’ घेऊ लागलं.

त्या घराण्यातलं एव्ही-१ हे इंजिन मूळच्या इंग्रजी पेटर कंपनीच्या घडणीचं. बोअर ८० मिमी, स्ट्रोक ११० मिमी, ५५३ सीसी, दीड हजार आरपीएमला पाच एचपी. त्याचा थोडा मोठा भाऊ टीव्ही-१: ८७.५ मिमी बोअर, ६६१ सीसी. हा दुसरा तर देशभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांत बसलेला आहे. करंजाच्या तेलापासून टाकाऊ खाद्यतेलापर्यंत ज्या ज्या इंधनावर आपल्याकडे पेपर लिहिले गेले, त्यातल्या बऱ्याच पेपरांत बिचारा हाच धूर ओकत असतो. ही इंजिनं आजही सांगली-साताऱ्यात, रायगडात खोलून पुन्हा उभी केली जातात. भाग गल्लीतल्या दुकानात मिळतो, हे त्यामागचं खरं बळ आहे. मुंबईच्या ग्रीव्हज कॉटनची लहान डिझेल इंजिनंही अशीच टिकली. ती मालवाहू तीनचाकींत बसली, आणि ज्या इंजिनावर रिक्षा चालते त्याची नोझल रात्री आठलासुद्धा सापडते.

मग इंजिन बदलायचं कधी? माझं मत असं की क्रँककेस फुटली असेल, कनेक्टिंग रॉडने बाजूला भोक पाडलं असेल किंवा आयात यंत्राचे भागच मिळत नसतील, तरच. नवी मुंबईत तिसरं कारण जास्त आढळतं. बाहेरून आणलेला गवत कापायचा ट्रॅक्टर आठ-दहा वर्षं चालतो, मग त्याच्या कार्ब्युरेटरचा एक भाग दोन महिने येत नाही, आणि आवाराचा व्यवस्थापक वैतागून दुसरं इंजिन बसवा म्हणतो. या वेळी दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, किती एचपी पाहिजे? प्रश्न चुकीचा आहे. एचपी सगळ्यांत शेवटी बघायची गोष्ट. आधी मापं.

पहिलं माप शाफ्टचं. तो आडवा आहे की उभा? जुन्या भारी गार्डन ट्रॅक्टरांत आडवा, हलक्या मोअरमध्ये उभा. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. मग जाडी. परदेशी बनावटीच्या यंत्रांत शाफ्ट एक इंचाचा म्हणजे २५.४ मिमीचा असतो आणि त्यातली चावी पाव इंचाची. मेट्रिक इंजिनाचा शाफ्ट २५ मिमीचा. डोळ्याला दोन्ही सारखेच. ०.४ मिमीची ढिलाई राहिली की पुली ठोके खाते आणि काही दिवसांत चावीचं घर फाटतं. यावर उपाय तुर्भे-पावणे-रबाळ्याच्या एमआयडीसी पट्ट्यात सापडतो. तिथला लेथवाला बूश करून देतो किंवा पुलीच नवी काढतो. तयार पुली, पट्टे, बेअरिंगा घ्यायच्या तर मुंबईची नागदेवी स्ट्रीट आहेच. एक इशारा: जनरेटरचं जुनं इंजिन स्वस्त मिळतं म्हणून उचलू नये. जनरेटरच्या इंजिनांचा शाफ्ट बऱ्याचदा निमुळता, टेपरचा असतो, त्यावर साधी पुली बसतच नाही.

दुसरं माप फिरण्याच्या दिशेचं. जागा अडते म्हणून इंजिन उलट्या तोंडाने बसवण्याचा मोह होतो. तसं केलं की यंत्राला तीन रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड गिअर मिळतो.

तिसरं माप वेगाचं, आणि खरी फसगत इथेच होते. टिलरवरचं दीड हजार आरपीएमचं पाच एचपी डिझेल काढलं आणि तीन हजार आरपीएमला पाच एचपी देणारं पेट्रोल बसवलं, तर कागदावर काही बदललं नाही. शाफ्टवरचा पीळ म्हणजे टॉर्क मात्र निम्मा झाला: आधी साधारण २३.६ न्यूटन-मीटर, आता ११.८. तो भरून काढायचा तर पुली निम्मी करावी लागते. इंजिनवर २०० मिमीची पुली होती, तिथे १०० मिमीची. पण बी सेक्शनच्या पट्ट्याला १२५ मिमीपेक्षा लहान पुली मानवत नाही. तो तिच्यावर वाकताना तापतो, घसरतो, तडकतो. म्हणजे मग चालवलेली पुली मोठी करा, म्हणजे मग पट्ट्याचं कव्हर कापा. एका बदलातून दुसरा निघत जातो. त्यात जुन्या डिझेलचं जड फ्लायव्हील गेलेलं असतं. चिकण मातीत ढेकूळ आडवं आलं की ते फ्लायव्हील इंजिनाला ढकलून पुढे न्यायचं. हलकं पेट्रोल इंजिन तिथे गचकन बंद पडतं. म्हणून खाचरातल्या टिलरवर पेट्रोल इंजिन चढवण्याच्या मी विरोधात आहे. हिरवळ कापायच्या यंत्राला ते छान चालतं: होंडाचं जीएक्स३९० हे ३८९ सीसीचं इंजिन एकतीस किलोंच्या आसपास भरतं, एकटा माणूस उचलून जागेवर ठेवतो. डिझेल उतरवायला मात्र तिपाई आणि चेनपुली लागते.

बैठकीबद्दल थोडक्यात सांगतो. जुने बोल्ट नव्या भोकांना जुळत नाहीत, म्हणून आठ-दहा मिमीची प्लेट मध्ये येते. प्लेटला भोकं गोल पाडायची नाहीत, लांबट खाचा पाडायच्या, म्हणजे इंजिन मागेपुढे सरकवून पट्टा ताणता येतो. तेल काढायचा बोल्ट प्लेटच्या आड गेला नाही ना, हे वेल्डिंगच्या आधी पाहायचं. नंतर पाहणारे खूप. आणि बॉनेटखाली इंजिनाने सोडलेली गरम हवा तेच पुन्हा ओढणार नाही, अशी पत्र्याची आडभिंत हवी. कोकणातल्या मे महिन्यात एअर-कूल्ड इंजिन याच चुकीने जॅम होतं.

वायरिंगमध्ये एक नेमकी चूक फार महाग पडते. जुन्या बॅटरी-कॉइलच्या यंत्रात चावी फिरवली की कॉइलला बारा व्होल्ट जातात. नव्या मॅग्नेटोच्या इंजिनात उलटं आहे: बंद करायची वायर अर्थ झाली की ठिणगी थांबते. जुनी चावी जशीच्या तशी त्या वायरला जोडली की बारा व्होल्ट सरळ मॅग्नेटोच्या कॉइलमध्ये जाऊन ती जळते, आणि नवंकोरं इंजिन पहिल्या दिवशीच दुकानात परत जातं. मिस्त्री म्हणतो माल खराब होता, दुकानदार म्हणतो वायरमन खराब होता.

अलीकडे पेट्रोलवाल्यांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. २०२५ पासून आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथेनॉल पाणी ओढतं, आणि नवी मुंबईच्या पावसात हवेत पाण्याला तोटा नाही. जुन्या कार्ब्युरेटरांची रबरं या इंधनाच्या हिशेबाने बनलेलीच नव्हती. यंत्र महिनाभर उभं राहणार असेल तर टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवावी. कितीतरी ‘गेलेली’ इंजिनं एवढ्यानेच वाचली असती.

नोंदणी झालेल्या ट्रॅक्टरचं प्रकरण वेगळं. आवारात फिरणाऱ्या मोअरला कुणी विचारत नाही, पण रस्त्यावर येणाऱ्या मिनी ट्रॅक्टरच्या आरसी बुकात इंजिन नंबर छापलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली त्या नोंदीशी न जुळणारा बदल मनाने करता येत नाही. म्हणून इंजिन उतरवण्याआधी वाशीच्या किंवा पनवेलच्या आरटीओत जाऊन विचारावं, आणि नव्या इंजिनाचं पक्कं बिल घ्यावं. भंगारातून रोखीने आणलेल्या इंजिनाला बिल नसतं; अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा तेच मागते.

नवं इंजिन सुरू झालं की लगेच लोडला लावायची घाई सगळ्यांना असते. होंडाची पुस्तिका पहिलं तेल वीस तासांनी किंवा महिन्याभरात बदला म्हणते. त्या तेलात नव्या रिंगांनी खरवडलेला चकचकीत चुरा दिसतो. तो पांढऱ्या फडक्यावर ओतून पाहावा. चुरा बारीक असेल तर ठीक, नखाला लागतील असे कण असतील तर बिल घेऊन दुकान गाठावं. उतरवलेलं इंजिन मात्र लगेच भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नये. त्याचा कार्ब्युरेटर किंवा नोझल, हँडल, फ्लायव्हील, गव्हर्नरच्या स्प्रिंगा काढून एका डब्यात ठेवाव्यात. उरलेलं बीड किलोवर गेलं तरी हरकत नाही.