काचेच्या वाटीतलं पेट्रोल

मे महिन्यात दुपारी शिंदखेड्याहून दोंडाईच्याकडे निघालेली जीप रस्त्यात बंद पडली, की सावली शोधण्यात पहिली पाच मिनिटं जातात. आमची जीप अशी अनेकदा बंद पडली. सकाळी एका स्टार्टरला सुरू व्हायची, गावातून बाहेर पडेपर्यंत छान पळायची. मग आधी झटके खायची, ॲक्सिलरेटर दाबला तरी उचलायची नाही आणि शेवटी निमूट उभी राहायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू. दोन गॅरेजवाल्यांनी दोनदा कार्बोरेटर खोलला, जेट बदलले, पैसे घेतले. जीप तशीच.

तिसऱ्या मिस्तरींनी आल्याबरोबर पाना हातात घेतला नाही. आमच्या आबांना विचारलं, "टाकीमा किती शे?" अर्धी, आबा म्हणाले. "भरेल ऱ्हास तव्हय बंद पडस का?" आबा विचारात पडले. खरंच, टाकी भरलेली असताना ती कधी बंद पडल्याचं आठवत नव्हतं. हा प्रश्न आम्हाला आधी कुणी विचारलाच नव्हता. त्या एका प्रश्नात निम्मं निदान झालं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

ही जीप म्हणजे महिंद्राची पेट्रोल सीजे-3बी. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्रांनी मुंबईत, माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. विलीज कंपनीने 1953 मध्ये आणलेलं सीजे-3बी हे मॉडेल पुढे आपल्याकडे कित्येक वर्षं बनत राहिलं. तिचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच दिसतं, याला कारण आतलं इंजिन. 2.2 लिटरच्या त्या चार सिलिंडरच्या इंजिनात पेट्रोल-हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. हेड उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच झालं. डिझेल स्वस्त होतं तेव्हा खानदेशातल्या कितीतरी पेट्रोल जीपांची इंजिनं काढून तिथे डिझेल इंजिनं बसवली गेली. ज्यांची मूळ इंजिनं राहिली, त्या आज एक तर हौशी माणसाकडे आहेत किंवा हट्टी माणसाकडे. आबा दुसऱ्या प्रकारातले.

या जीपमधला पेट्रोलचा रस्ता इतका सरळ आहे, की एखादं शाळकरी पोरही तो बोटाने दाखवू शकेल. सीटखाली टाकी. तिथून चासीला धरून पुढे गेलेली बारीक नळी. नळीच्या टोकाला रबरी तुकडा, कारण इंजिन हलतं आणि चासी हलत नाही. मग इंजिनच्या अंगाला बसवलेला पंप, त्यावर काचेची वाटी. पंपापासून कार्बोरेटरपर्यंत दुसरी नळी. बस्स. विजेचा पंप नाही, सेन्सर नाही. कॅमशाफ्टवरचा उंचवटा फिरताना पंपाची दांडी ढकलतो, दांडी डायफ्राम ओढते, पेट्रोल खेचलं जातं. डायफ्राम स्प्रिंगने परत जातो, पेट्रोल पुढे ढकललं जातं.

मिस्तरी हा रस्ता दोन भागांत बघतात, आणि माझ्या मते त्यांची सगळी विद्या या विभागणीत आहे. पंपाच्या पुढची नळी दाबाखाली असते. ती फुटली तर पेट्रोल ठिबकतं, वास येतो, डाग दिसतो. पंपाच्या मागची, टाकीकडची नळी मात्र ओढीखाली असते. तिला चीर पडली तर बाहेर एक थेंबही येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं आणि पंप मात्र पेट्रोलऐवजी हवा ओढतोय. "हाई हवा लेस," असं मिस्तरी म्हणतात ते याला. टाकी भरलेली असली की पेट्रोल फार वर खेचावं लागत नाही, म्हणून चीर असूनही काम भागतं. टाकी अर्ध्यावर आली की ओढ वाढते आणि त्याच चिरेतून हवा घुसते. उन्हाने रबर मऊ पडलं तर आणखीच.

पण संशयावरून त्यांनी रबर बदललं नाही. आधी ठिणगी. कॉइल किंवा कंडेन्सर तापला की गाडी अगदी अशीच बंद पडते, थंड झाली की चालते, आणि दोष पेट्रोलच्या माथी जातो. प्लगची वायर ब्लॉकजवळ धरली, ठिणगी चांगली निळी होती. मग एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात डोकावले आणि हाताने थ्रॉटल ओढला. पेट्रोल असेल तर आत बारीक धार उडताना दिसते. दिसली नाही, म्हणजे कार्बोरेटरची वाटीच रिकामी. इथपर्यंत त्यांनी एकही नट ढिला केला नव्हता.

मग टाकीचं झाकण उघडून कान दिला. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाने कितीही ओढलं तरी पेट्रोल येत नाही. झाकण उघडताच 'सूं' आवाज आला तर चोर सापडला. आमच्या टाकीने आवाज केला नाही.

दुसरा संशयित खानदेशचं ऊन. पेट्रोल एका ठरावीक तापमानाला उकळत नाही. त्यातले हलके भाग चाळीस अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतात. ओढीखालच्या नळीत दाब कमी, म्हणून तिथे आणखी लवकर. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, बॉनेटखाली तर विचारायलाच नको, त्यात पंप आणि धुराचा मॅनिफोल्ड इंजिनच्या एकाच बाजूला. नळीत वाफ भरली की पंप ती दाबत राहतो आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. जुने ड्रायव्हर पाण्याची बाटली आणि फडकं सोबत ठेवायचे ते यासाठी. ओलं फडकं पंपावर टाकायचं आणि थांबायचं. मिस्तरींनीही टाकलं. पाच मिनिटांनी जीप सुरू झाली. आबांना वाटलं, काम झालं.

"आते वाटी मझार दखा," मिस्तरी म्हणाले.

आम्ही तिघे वाकलो. काचेच्या वाटीत पेट्रोल होतं, आणि त्यात खालून एकामागून एक बारीक बुडबुडे वर येत होते. इंजिन चालू, पंप थंड, तरी बुडबुडे थांबेनात. वाफ असती तर फडक्याने थांबली असती. ही बाहेरची हवा होती.

त्या वाटीबद्दल मला प्रेम वाटतं ते तेव्हापासून. गाळ आणि पाणी तळाशी साचावं म्हणून ती बसवली आहे. पाणी पेट्रोलपेक्षा जड, तळाला वेगळा थर धरून बसतं. गंज असेल तर लालसर चुरा दिसतो, म्हणजे टाकी आतून सडली. पूर्वी पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं जाई, तेव्हा जाणकार याच वाटीतलं पेट्रोल बोटावर घेऊन बघायचे: चटकन उडून गेलं तर चोख, तेलकट राहिलं तर भेसळ. नव्या गाड्यांत हे काही दिसत नाही. मशीन कॉम्प्युटरला सांगतं, कॉम्प्युटर मेकॅनिकला सांगतो.

इथेनॉलने या वाटीचं काम वाढवलं आहे. 2023 मध्ये 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल विक्रीला आलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात, नेमके टाकीच्या तळाशी, जिथून नळी ओढते. जुनं रबर आणि जुन्या डायफ्रामचं कापड त्याने फुगतं, तडकतं. शिवाय शुद्ध पेट्रोलसाठी कापलेल्या जेटमधून हे मिश्रण गेलं की इंजिनला पेट्रोल कमी पडतं आणि चढावर गाडी दम तोडते. ज्याच्याकडे जुनी गाडी आहे, त्याने इथेनॉल चालणाऱ्या जातीचं रबर आणि डायफ्राम एकदा बसवून घ्यावं, हे मी कळकळीने सांगतो. आमचं रबर कधीचं होतं, कुणालाच माहीत नव्हतं.

पंपाचीही परीक्षा झाली. कॉइलची वायर काढली, कारण उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी नको. पंपाची पुढची नळी बाटलीत सोडली आणि स्टार्टर मारला. क्रँकच्या दोन फेऱ्यांना एक, अशा पिचकाऱ्या यायला हव्यात. आल्या, पण फेसाळ. मग मागची नळी काढून पंपाच्या तोंडावर अंगठा ठेवला. ओढ चांगली लागली, म्हणजे डायफ्राम शाबूत. डायफ्राम फाटला असता तर गोष्ट गंभीर झाली असती. पेट्रोल गळून चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग खाऊन टाकतं. म्हणून त्यांनी ऑइलची काडी काढून आधी पातळी पाहिली, मग नाकाशी धरली. पातळी वाढलेली नव्हती, पेट्रोलचा वास नव्हता.

मी विचारलं, कार्बोरेटर खोलायचा का? त्यांनी मान हलवली. त्यातल्या फ्लोटला भोक पडलं तर तो कानाशी हलवून कळतं, आत पेट्रोल खुळखुळतं. सुईखाली कचरा अडकला तर गाडी ओव्हरफ्लो मारते, काळा धूर काढते. आमच्या जीपचं लक्षण उलटं होतं, तिला पेट्रोल मिळतच नव्हतं. आधीच्या दोघांपैकी कुणीतरी जेटमध्ये तार घातली असावी अशी भीती मात्र त्यांनी बोलून दाखवली. पितळ मऊ असतं, तारेने भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. जेट हवेने साफ करायचा असतो.

चासीजवळचा रबरी तुकडा काढल्यावर वरून काही दिसेना. त्यांनी तो बोटांत धरून वाकवला. क्लिपच्या अगदी कडेला नखाएवढी चीर उघडली, आणि सोडल्यावर पुन्हा मिटली. त्या चिरेसाठी दोन कार्बोरेटर किटचे पैसे गेले होते.

नवा तुकडा बसवला. वाटी काढून पुसली, खालचं बुचाचं गॅस्केट उलटसुलट पाहून बदललं. तारेची कडी वर घेऊन तिचा नट त्यांनी फक्त बोटांनी आवळला. पान्याने आवळला तर काच तडकते आणि तिथूनही हवा घेते. मग पंपाची हाताची दांडी हलवून पाहिली, ती ढिली लागली. कॅमचा उंचवटा दांडीखाली येऊन थांबला असेल तर अशी लागते, पंप बिघडलेला नसतो. आबांनी हँडल घालून इंजिन एक फेरा फिरवलं. दांडीत जोर आला. वाटी हळूहळू भरत गेली.

इंजिन सुरू झाल्यावर बॉनेट लावायला मी पुढे झालो, तर मिस्तरींनी हात आडवा केला. आम्ही पुन्हा वाकलो. टाकी अर्धीच होती आणि ऊन तसंच होतं. वाटीतलं पेट्रोल इंजिनच्या थरथरीने किंचित हलत होतं. बुडबुडा एकही नव्हता. ते तरीही दहा मिनिटं तसेच उभे राहिले.