बालसाहित्य, प्राथमिक शिक्षणातील

बालसाहित्य, प्राथमिक शिक्षणातील : साधारणतः सहा ते अकरा वर्षे वयाच्या मुलांच्या भाषिक व भावनिक विकासासाठी प्राथमिक शाळेच्या वर्गात बडबडगीते, कविता, लोककथा, नाट्य, चरित्र, माहितीपर लेखन इ. साहित्यप्रकारांचा योजनापूर्वक केलेला उपयोग. बालसाहित्याचा समग्र इतिहास येथे अभिप्रेत नसून अध्यापनाचे साधन म्हणून त्याच्या निरनिराळ्या प्रकारांचे कार्य कोणते, एवढाच विचार येथे केला आहे. विवेचनाच्या सोयीसाठी कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड (ता. शिरोळ) व त्याच्या भोवतालचा प्रदेश उदाहरणादाखल घेतला आहे. पटवर्धन घराण्याच्या संस्थानाचे हे पूर्वीचे राजधानीचे गाव कृष्णा-पंचगंगा संगमाच्या परिसरात, नरसोबाच्या वाडीनजीक वसलेले आहे. मराठी व कन्नड या दोन्ही भाषांचा वावर आणि नदीच्या पुराचा नित्य अनुभव यांमुळे तेथील वर्गाचे प्रश्न सीमाभागातील व नदीकाठच्या अनेक शाळांना लागू पडणारे आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मराठीत मुलांसाठी छापील साहित्य निर्माण झाले, ते प्रामुख्याने शाळेच्या गरजेतून. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची बाळमित्र व इसपनीतिकथा ही पुस्तके १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. भाषांतरित बोधकथांच्या या परंपरेत गोष्ट हे साधन व तात्पर्य हे साध्य, असे समीकरण रूढ झाले आणि क्रमिक पुस्तकांतून ते दीर्घकाळ टिकून राहिले. विनायक कोंडदेव ओक यांचे बालबोध (१८८१) आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे आनंद (१९०६) या मासिकांनी शाळेबाहेरच्या वाचनाची वाट मोकळी केली. पुढे आचार्य अत्रे यांच्या नवयुग वाचनमालेने क्रमिक पुस्तकात बालमनाला रुचेल अशा ललित साहित्यास मानाचे स्थान दिले. १९६७ मध्ये महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची (बालभारती) स्थापना झाली आणि १९७१ मध्ये या मंडळाने किशोर हे मासिक सुरू केले. त्यामुळे पाठ्यपुस्तक व पूरक वाचन ही दोन्ही अंगे एकाच संस्थेच्या कक्षेत आली.

तात्त्विक भूमिका : प्रत्येक साहित्यप्रकार वाचकाकडून वेगळ्या वाचनाची अपेक्षा करतो. अमेरिकन अभ्यासक लुईस रोझेनब्लॅट यांनी वाचनाच्या दोन वृत्ती सांगितल्या आहेत : वाचून झाल्यावर काय हाती राहावे याकडे लक्ष ठेवून केलेले वाचन आणि वाचत असतानाच्या अनुभवासाठी केलेले वाचन. औषधाच्या बाटलीवरील सूचना पहिल्या वृत्तीने, तर कविता दुसऱ्या वृत्तीने वाचावयाची असते. वर्गात मात्र पुष्कळदा कविता, चरित्र व विज्ञानविषयक पाठ या सर्वांनंतर एका वाक्यात उत्तरे द्यावयाचे तेच ते प्रश्न विचारले जातात. त्यामुळे कविता ही माहितीसारखी व माहिती ही पाठांतरासारखी वाचण्याची सवय मुलांना लागते. अक्षरे जुळवून पाठ वाचता येतो, परंतु पुस्तक आपणहून हाती घ्यावेसे वाटत नाही, अशी अवस्था पुष्कळ मुलांच्या बाबतीत आढळते. तिच्या कारणांत या एकसुरीपणाचा मोठा वाटा असतो. ज्या घरी छापील पुस्तक येत नाही, तेथील मुलाला ही उणीव भरून काढण्यास शाळेवाचून दुसरे स्थान नसते.

बडबडगीते, कोडी व कविता : पहिली-दुसरीच्या वर्गात अर्थापेक्षा नाद व ताल यांचे महत्त्व अधिक असते. शब्द अक्षरांत व ध्वनींत फोडता येणे, यमक ओळखणे ही वाचनाची पूर्वतयारी असून ती गाण्यांतून व खेळांतून सहज होते. दक्षिण महाराष्ट्रात आश्विन महिन्यात मुली हादग्याची गाणी म्हणतात. यांतील अनेक गाण्यांत एकच रचना पुनःपुन्हा येऊन प्रत्येक कडव्यात एखादाच शब्द बदलतो. अशी गाणी फळ्यावर लिहून बदलणारा शब्द मुलांकडून भरून घेतल्यास तोंडपाठ असलेली भाषा डोळ्यांपुढे अक्षररूपाने उभी राहते. घरोघरी घातली जाणारी कोडी (हुमाणे) वस्तूचे नाव न घेता तिचे वर्णन करण्याचा उत्तम अभ्यास होय. आधुनिक बालकवितेत विंदा करंदीकर यांचे राणीची बाग (१९६१), एकदा काय झाले (१९६१) व सशाचे कान (१९६३) आणि मंगेश पाडगावकर यांचे भोलानाथ (१९६४) हे संग्रह उल्लेखनीय आहेत. उपदेशाऐवजी कल्पनेची मौज हा त्यांचा गाभा असल्याने त्यांचे तात्पर्य विचारणे अप्रस्तुत ठरते. अशी कविता प्रथम शिक्षकाने मोठ्याने म्हणावी, मग सर्वांनी मिळून म्हणावी व शेवटी ज्याची त्याने वाचावी, हा क्रम सोयीचा असतो.

लोककथा व कल्पित कथा : लोककथेत घटनांचा क्रम स्पष्ट, पात्रे मोजकी व पुनरुक्ती भरपूर असते. त्यामुळे ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगणे, मध्येच थांबवून पुढे काय होईल याचा अंदाज करणे, शेवट बदलणे असे उपक्रम घेता येतात. एकाच कथेची दोन रूपे शेजारीशेजारी ठेवणे विशेष उद्‌बोधक ठरते. वर्गातील एका मुलाच्या आजीने मराठीत व दुसऱ्याच्या आजीने कन्नडमध्ये सांगितलेली कथा बहुधा थोड्याफार फरकाने एकच निघते आणि गोष्टीला ठरावीक असा एकच पाठ नसतो, हे मुलांच्या ध्यानी येते. तिसरी-चौथीनंतर दीर्घ कथेकडे वळता येते. ना. धों. ताम्हनकर यांचा गोट्या व भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे हे नायक वाचकांच्याच वयाचे वा त्यांच्याहून थोडे मोठे असल्याने त्यांच्याशी मुले सहज समरस होतात. अशी पुस्तके रोज दहा-पंधरा मिनिटे, उत्कंठेच्या जागी थांबत, क्रमशः वाचून दाखवावीत.

नाट्य : १९५९ मध्ये सुधा करमरकर यांनी सुरू केलेल्या बालरंगभूमीने आणि त्यानंतर रत्नाकर मतकरी यांच्या बालनाट्य या संस्थेने (१९६२) मराठी बालनाट्यास स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. वर्गातील नाट्याला मात्र रंगमंच, वेशभूषा वा पाठांतर यांची आवश्यकता नसते. संहिता हाती धरून भूमिकेनुसार केलेले वाचन पुरेसे असते. एरव्ही अडखळत वाचणारे मूल आपल्या वाट्याचे चार संवाद नीट जमावेत म्हणून ते आठ-दहा वेळा आपखुशीने वाचते. विरामचिन्हांचे प्रयोजनही त्यास तेथेच कळते.

चरित्र व आत्मपर लेखन : चरित्र हा संस्काराचा पाठ समजून शिकविण्याची प्रथा आहे. परंतु घटना व तिच्याविषयीचे मत यांतील भेद ओळखणे, काळाचा क्रम लावणे ही या प्रकाराची खरी भाषिक कौशल्ये होत. साने गुरुजींचे श्यामची आई (१९३५) हे पुस्तक केवळ मातृभक्तीचा धडा म्हणून न वाचता, लहानपणच्या आठवणी सांगावयाच्या कशा, याचा नमुना म्हणूनही वाचता येते. कोल्हापूरसारख्या परिसरात अगदी जवळचा चरित्रविषयही उपलब्ध आहे : राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा पाया घातला. कुरुंदवाड त्या वेळी वेगळे संस्थान होते. शेजारच्या संस्थानांतील शाळा तेव्हा कशा चालत, हे घरातील वडीलधाऱ्यांच्या ऐकीव माहितीवरून व जुन्या कागदपत्रांवरून शोधणे हा चौथी-पाचवीच्या मुलांना झेपणारा उपक्रम आहे.

माहितीपर व विज्ञानविषयक लेखन : शीर्षक, चित्र, नकाशा, तक्ता व अनुक्रमणिका यांच्या आधारे हवे तेवढेच वाचणे, हे या प्रकाराचे वैशिष्ट्य होय. २००५, २०१९ व २०२१ या वर्षांच्या महापुरांनी शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या वस्तीला वेढा दिला. पूर हा विषय घेतल्यास साहित्यप्रकारांतील भेद मुलांना सहज समजावून देता येतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे, हे वाक्य माहितीचे. तेथे आकडा चुकून चालत नाही, कारण घर केव्हा सोडावयाचे ते त्यावर अवलंबून असते. नरसोबाच्या वाडीस चढते पाणी श्रींच्या पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हाचा दक्षिणद्वार सोहळा हा श्रद्धेच्या कथनाचा विषय. जनावरे सोडवून छावणीत काढलेल्या दिवसांची हकीकत ही आठवण. आणि रात्री ऐकलेल्या पाण्याच्या आवाजाची कविता होऊ शकते. एकाच अनुभवाची ही चार रूपे लिहिताना कोणत्या रूपात काय सांगता येते व काय सांगता येत नाही, हे मुले स्वतःच ठरवितात. वरच्या इयत्तांत कोल्हापूर येथेच जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथांतील निवडक भाग वाचून दाखविल्यास शास्त्रीय तथ्य व कल्पना यांची सीमारेषाही चर्चेस घेता येते.

बोली व प्रमाणभाषा : या भागातील मुलगी घरी ‘मी आलो’ असे म्हणते, पुस्तकातील मुलगी ‘मी आले’ म्हणते. ‘काय करायलास’ हा घरचा प्रश्न पुस्तकात ‘काय करतोस’ असा येतो. कन्नडभाषक घरांतील मुलांना तर दोन्ही रूपे नवी असतात. बोलीतील रूप चूक म्हणून खोडल्यास मूल बोलण्याचेच टाळू लागते. साहित्यप्रकारांचा येथे विशेष उपयोग होतो. कारण कथेतील व नाटकातील संवादांना बोली शोभते, तर निवेदन व माहिती यांना प्रमाणभाषा सोयीची असते. अशा रीतीने दोहोंना आपापली जागा मिळते. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकविताना सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी मुलांच्याच तोंडचे शब्द घेऊन त्यांची पहिली वाचनपुस्तके तयार केली. या प्रयोगाचा वृत्तांत त्यांच्या टीचर (१९६३) या ग्रंथात आहे. महाराष्ट्रात फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेमार्फत साक्षरतेच्या अध्यापनात मुलांची बोली व गोष्टीची पुस्तके यांना महत्त्वाचे स्थान दिले.

ग्रंथसंग्रह व मर्यादा : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय असणे आवश्यक आहे. पुस्तके कपाटात कुलूपबंद राहिल्यास मात्र या तरतुदीचा हेतू साध्य होत नाही. फाटण्याची वा हरवण्याची जबाबदारी शिक्षकावर पडते, या भीतीने ती पुष्कळदा बंद ठेवली जातात. म्हणून ठरावीक प्रमाणातील झीज गृहीत धरणारी व्यवस्था प्रशासनाने करणे इष्ट ठरते. पूरप्रवण गावांत संग्रह वरच्या मजल्यावर अथवा उंच फळीवर ठेवणे व पावसाळ्यापूर्वी त्याची यादी करणे ही साधी दक्षताही महत्त्वाची आहे. अनेक इयत्तांना एकत्र शिकविणाऱ्या शिक्षकास सर्व प्रकार एकाच वर्षी समप्रमाणात हाताळणे कठीण जाते. अशा शाळेत दर महिन्यास एक प्रकार मुख्य धरून त्याची पुस्तके वर्गात मोकळी मांडणे व्यवहार्य असते. परीक्षेतील प्रश्नही त्या त्या प्रकारास अनुरूप असणे आवश्यक आहे. अन्यथा वर्गात विविध प्रकारचे वाचन होऊनही मुलांची तयारी पुन्हा एकाच साच्याच्या उत्तरांसाठी केली जाते.