छातीला आडोसा, पाठीला मोकळीक

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. पिंपळे गुरवच्या काटेपुरम चौकातून आम्ही सहाजणी पहाटे साडेपाचला सायकलींवर निघायचो, नाशिक फाट्यावरून भोसरीमार्गे आळंदीकडे. कंपन्यांच्या बसगाड्यांची वर्दळ वाढायच्या आत रस्ता मोकळा मिळतो ना! शेजारच्या वहिनी आमच्यात सगळ्यात मोठ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि त्यांना सायकलचा लळाच लागला.

त्या दिवशी थंडी फार म्हणून त्या मुलाचं जाड जर्किन चढवून आल्या. भोसरी येईतो आतला टी-शर्ट घामाने ओलाचिंब. मग जर्किन काढून कॅरियरला बांधलं, तर पुढे वारा असा झोंबला की दात वाजायला लागले. दुसऱ्या दिवसापासून वहिनी बंद. घरचे म्हणाले, ‘‘या वयात कशाला हा हट्ट?’’

मला ते फार लागलं. चूक वयाची नव्हतीच हो, जर्किनची होती!

हवा अगदी स्तब्ध असली तरी ताशी 25 किलोमीटर वेगाने सायकल मारताना समोरून तेवढाच वारा अंगावर येतो. पारा 10 अंशांवर असेल तर उघड्या त्वचेला तो 7 अंशांसारखा गार लागतो. त्यात घामेजलेले कपडे! म्हणून अडवायचा तो वारा, आणि तोही समोरून. पाठीमागून घामाची वाफ निघून जायला हवी. पूर्वी घाट उतरताना युरोपातले शर्यतीचे सायकलपटू छातीशी चक्क वर्तमानपत्र खोचायचे. (तुमच्या हातातला हा कागदही त्या कामाला येईल, पण आधी वाचून घ्या!) बिनबाह्यांचं विंडचीटर हे त्याचंच सुधारलेलं रूप. आपल्या आजोबांच्या बंडीसारखं, पण पुढे वारा न शिरणारं पातळ कापड आणि पाठीला जाळी.

मग आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, लेडीजमध्ये नाही, जेंट्सचा स्मॉल घेऊन टाका.’’ घालून पाहिला तर खांद्यात ढगळ आणि कमरेला घट्ट. मैत्रिणींनो, असल्या ‘घेऊन टाका’ला भुलू नका. सैल कापड वाऱ्यात फडफडतं, फुगतं आणि सायकल मागे ओढल्यासारखी वाटते. रोज जो टी-शर्ट घालता त्याच्यावरच घालून बघा. दुकानात सरळ उभं राहून काही कळत नाही. हँडल धरल्यासारखं वाका, मग पाठ उघडी पडते का, चेन गळ्याला टोचते का, काखेत काचतं का, ते समजतं. मागची बाजू पुढच्यापेक्षा लांब हवी. पुढच्या कापडाला तोंड लावून जोरात फुंकर मारा. पलीकडे ठेवलेल्या तळहाताला ती लागली, तर वाराही आत येणार.

वजनाला शंभर-सव्वाशे ग्रॅम पुष्कळ झालं. परतीला ऊन चढतं तेव्हा काढून मुठीएवढी घडी व्हायला हवी. आपल्या टी-शर्टला पाठीवर खिसा नसतो, म्हणून ज्याची घडी त्याच्याच खिशात मावते असं घ्यावं. रंग भडक असू द्या, अंधारात दिव्याने चमकणारी पट्टी तर हवीच. मात्र पाऊस अडवायची अपेक्षा धरू नका, ते रेनकोटचं काम. धुताना कपडे मऊ करणारं द्रव घालू नका आणि इस्त्री तर नकोच.

वयाचं म्हणाल तर पुण्याच्या प्रीती म्हस्के यांनी जून 2022 मध्ये लेह ते मनाली हे 430 किलोमीटर एकटीने 55 तास 13 मिनिटांत पार केले. तेव्हा त्या 45 वर्षांच्या, दोन मुलांची आई. सायकल हाती घेतली ती चाळिशीत! वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मला कुठे लेहला जायचंय? आळंदीपर्यंत नेलंस तरी पुष्कळ.’’

चौथ्या दुकानात मनासारखं मिळालं, नारिंगी रंगाचं. घरी दादांनी विचारलंच, ‘‘एवढ्याशा बिनबाह्यांच्या कपड्याला एवढे पैसे?’’ वहिनींनी उत्तर दिलं नाही. घड्याळाला पाचचा गजर लावला.